पंचांगात नसलेलं ग्रहण

आमच्या घरात नोकऱ्या दोन होत्या आणि धंदा एकच. यजमान सरकारी गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन, मी गोंदियातल्या एका खाजगी प्रसूतिगृहात नर्स. ते गाई फळवायचे, मी बायकांकडे पाहायची. जेवताना दोघांनीही कामाचं बोलायचं नाही असा सासऱ्यांचा नियम होता, आणि तो योग्यच होता.

संपादकांनी माझ्याकडे 'सेवाकार्यातले हृद्य प्रसंग' मागितले आहेत. हृद्य प्रसंग माझ्याकडे नाहीत. उकळलेली भांडी आहेत, ओरडणाऱ्या बायका आहेत, अंगणात विड्या ओढत बसलेले नवरे आहेत आणि सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. तीत नावं बदलली आहेत, गावही बदललं आहे. ज्यांची गोष्ट आहे त्यांना ती वाचून दाखवली. त्यांनी दोन जागा खोडायला लावल्या. एका जागी ते होते त्याहून मूर्ख दिसत होते, दुसऱ्या जागी होते त्याहून थोर.

सत्तेचाळीस साली मी कामाला लागले तेव्हा आम्ही मध्यप्रांतात होतो. मग मध्य प्रदेशात गेलो, मग मुंबई राज्यात, आणि यंदाच्या मेपासून महाराष्ट्रात. या सगळ्या काळात मी त्याच टेबलापाशी उभी होते. पोटातल्या पोराला राज्य कळत नाही. त्याला फक्त घाई कळते.

प्रसूतिगृह ज्यांचं होतं त्यांना सगळं गाव डॉक्टरीणबाई म्हणे. ठेंगण्या, तुटक बोलणाऱ्या, लग्न न केलेल्या. मुंबईत शिकून पुढे दोन वर्षं विलायतेत राहून आल्या होत्या. तिथून त्यांनी एक चांगली दुर्बीण आणली, म्हणजे रक्त-लघवी तपासायची, आणि एक कल्पना आणली. त्या दुर्बिणीने गावातले किती संसार हलवले ते मला माहीत आहे.

मूल होत नसलं की दोष बाईचा, ही तेव्हाची पद्धत. आताचीही तीच आहे म्हणा. डॉक्टरीणबाई मात्र आधी नवऱ्याला काचेवर घ्यायच्या. "मर्द की जाँच?" असं म्हणून अर्धे नवरे तिथूनच उठायचे आणि वर्षभरात दुसरी बायको करायचे. तिलाही होत नसे, मग तिसरी. उरलेल्यांपैकी ज्यांच्या काचेवर काहीच हलत नसे, त्यांना त्या दार लावून सांगायच्या की तुमचं शेत चांगलं आहे, बियाणं मेलेलं आहे. बियाणं दुसऱ्याचं आणता येतं. ते पिचकारीने आत सोडता येतं, परपुरुषाने बाईला हातही लावायची गरज नाही. मूल तुमच्याच घरात, तुमच्याच बायकोच्या पोटी जन्मेल.

पेशंट याला 'इंजेक्शन' म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो.

बाहेरच्यांना वाटतं यात फार शास्त्र असेल. शास्त्र थोडं होतं, धावपळ फार. हा माल टिकत नाही. तासाभराच्या आत पोचवायचा आणि तोवर अंगाइतका ऊबदार ठेवायचा. त्यासाठी डॉक्टरीणबाईंकडे विलायती उपकरण नव्हतं, माझी काख होती. काखेत काचेची नळी धरून मी किती वेळा बोळ ओलांडला असेन देव जाणे. एकदा समोरून सासरे आले. मी पदर घट्ट ओढून नमस्कार केला, एका हाताने. "सुनबाई, हात दुखावला का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

दुसरी अडचण दिवसाची. पाळीच्या पहिल्या दिवसापासून चौदावा धरायचा. खेड्यातल्या बायकांना तारखा माहीत नसत, पण आठवडी बाजार प्रत्येकीला पाठ. तेव्हा मी हिशेब सोपा केला: ज्या दिवशी बाहेर बसाल तिथून दोन बाजार मोजा आणि या. विलायतेत यासाठी पहाटे तोंडात थर्मामीटर धरतात म्हणे. आमच्याकडे एकीला दिला तर तिने तो चहा पिऊन लावला आणि मला कळवलं की तिला रोज एकशे तीन ताप आहे.

आणि नियम कडक. कागदावर काही लिहायचं नाही. ज्याने दिलं त्याने विचारायचं नाही कोणाला, ज्यांनी घेतलं त्यांनी विचारायचं नाही कोणाचं. त्याच दिवशी घरी जाऊन नवरा-बायकोने एकत्र झोपायचं, म्हणजे नवऱ्याला उरलेला जन्म म्हणता येईल की कोण जाणे, माझंच लागलं असेल. संशयाचा फायदा कोर्टात आरोपीला देतात, आम्ही बापाला द्यायचो.

तरी लोक विचारायचेच. एका धानगिरणीच्या सेठने बायकोला बाहेर बसवून डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आदमी शाकाहारी है ना?"

"सेठजी, बच्चा आपके घर में खाएगा, आपकी रसोई का खाएगा."

"वो तो ठीक. लेकिन वो प्याज-लहसुन…?"

डॉक्टरीणबाईंनी मला हाक मारून सांगितलं, "सेठजींना पाणी द्या आणि दार दाखवा."

नियम का होते तेही सांगते. एका नवऱ्याला बाळाच्या नाकावरून वाटलं की हे आमच्या कंपाउंडरचं. कंपाउंडर बिचारा साठीला आलेला, माळकरी. भर रस्त्यात त्याला छत्रीने मारलं. त्याने गाव सोडलं. त्या बाळाचं नाक पुढे अगदी त्याच्या आत्यासारखं निघालं, पण छत्री परत घेता येत नाही. तेव्हापासून डॉक्टरीणबाई म्हणत, "नाव बाहेर गेलं की माणूस गेला." मला ते पटत होतं. आजही अर्धं पटतं.

माणूस म्हणजे देणारा. मोठ्या शहरात त्यासाठी डॉक्टरकीचे विद्यार्थी मिळतात. गोंदियात कोण मिळणार? पण गोंदिया जंक्शन आहे, लांबलांबची माणसं तिथे नोकरीला असतात. रेल्वेच्या छोट्या लाईनीवरचा एक गार्ड होता. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात मरता मरता डॉक्टरीणबाईंनी वाचवली होती. त्याने "मैं क्या कर सकता हूँ?" असं विचारलं आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं. तो दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "ठीक है. लेकिन पीछे के दरवाज़े से."

तो कुठला, कोणत्या जातीचा, हे वाचकांना कळणार नाही. रागावू नका. ज्यांचा हक्क तुमच्याहून जास्त आहे ते आधी रांगेत आहेत.

हसरा, धडधाकट माणूस. डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त, छाती, डोळे, सगळं तपासलं. मागच्या बाजूला, बोळापलीकडच्या सामानाच्या खोलीत त्याची व्यवस्था होती. तिथे लक्ष्मीचं कॅलेंडर होतं, ते तो आत गेल्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवी आणि जाताना पुन्हा सरळ करी. बूटमोजेही दाराबाहेर काढून ठेवायचा. बूट घालून हे काम करणं त्याच्या मनाला पटत नसे. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी जे पाहिलं नाही ते मी पाहिलं. त्याच्या दोन्ही पायांची अंगठ्याशेजारची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली होती, मधे कातडी, बदकासारखी. मी पाहिलं आणि विसरले. पाय कोण बघतं?

पुरनलालजी आणि सेवंताबाई आले ते गोंदियाजवळच्या गोरेगावकडच्या एका गावातून. माळव्यातून आलेल्या पोवारांपैकी घर, पन्नास-साठ एकर धानाची जमीन. पुरनलालजी तिशीचे, शब्द मोजून बोलणारे, खोटं बोलता येत नाही म्हणून गावात थोडे भोळे समजले गेलेले. काचेचा निकाल ऐकून ते उठले नाहीत, हे मी तेव्हाच ध्यानात धरलं. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले आणि म्हणाले, "दुसरी बायको करून हिले रडवू काय? तुमी करा तुमचं इंजेक्शन. मले नोका सांगू कोनाचं."

"कधीच सांगणार नाही. आणि तुम्ही कधी विचारायचं नाही. वचन द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी दिलं.

सेवंताबाई दोन बाजार मोजून बैलगाडीने, मग मोटारीने येत. पहिल्या महिन्यात रुळावर म्हैस आडवी आली, गार्डाची गाडी चार तास उशिरा. दुसऱ्या महिन्यात त्याला सर्दी. "सिस्टर, सर्दी का वहाँ क्या संबंध?" असं तो म्हणाला, पण डॉक्टरीणबाईंनी परत पाठवलं. तिसऱ्या महिन्यात जमलं.

मुलगी झाली. मीच घेतली हातावर. पुसताना पाय पाहिले. दोन्ही पायांची तीच दोन बोटं, तशीच चिकटलेली.

सासू शेजारीच बसली होती. "हे काय वं? आमच्या घरात असं कोनाचंच नाही."

मला काहीतरी बोलणं भाग होतं. गरोदर बाईने ग्रहणात बोटं जुळवून बसलं की मुलाची बोटं जुळतात असं आपल्याकडे समजतात. तेच तोंडात आलं. म्हटलं, "ग्रहण लागलं असेल तेव्हा. पाळलं नसेल नीट."

सासू समाधानाने सेवंताबाईकडे वळली. सेवंताबाईने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. त्या क्षणी मला माझ्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं होतं. असं कौतुक नंतर फार महाग पडतं, म्हणून लिहून ठेवते.

मुलीचं नाव देवका. पाच वर्षांनी सेवंताबाईला मुलगा झाला, आणि तो आमच्याकडचं इंजेक्शन न घेता झाला. असं होतं कधीकधी. डॉक्टरीणबाईंची दुर्बीणही देव नव्हे. मुलाचे पाय साधे होते.

मग हे साल उजाडलं.

पोवारांचे भाट असतात. चार-पाच वर्षांनी पिढ्यांची पोथी घेऊन येतात, प्रत्येक घरी मुक्काम करतात, कूळ म्हणून दाखवतात आणि नव्या मुलांची नावं लिहून घेतात. पुरनलालजींच्या घरी भाट आला, अंगण माणसांनी भरलं, माळव्यापासून खाली सगळे पूर्वज म्हणून झाले, आणि मुलाचं नाव पोथीत चढलं. देवका पुढे सरसावून म्हणाली, "माहंबी लिवा."

लोक हसले. भाटाने समजावलं की मुलींची नावं लिहीत नसतात. तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे पुरनलालजींच्या मोठ्या बहिणीने, विषय पुढे नेला. "भाटजी, हिचे पाय पाहा. आपल्या घरात कोन्या पिढीत असे पाय होते का?"

भाटाचं काम तारीफ करण्याचं. त्याला वाटलं बाई तारीफच ऐकायला मागते आहे. त्याने छाती फुगवून सांगितलं, "नाव नका घेऊ बाई! या कुळात जुळलेलं, वाकडं, तुटकं बोट सात पिढ्यांत कोणाचं नाही. सोन्यासारखं शुद्ध कूळ!"

भाटाला कळेना बक्षीस का येत नाही. आत्या म्हणाली, "मंग मायच्या घरचे असतीन." सेवंताबाईचा भाऊ तिथेच जेवायला बसला होता, तो म्हणाला, "आमच्याकडं बी नाहीत, बाप्पा." आणि दोन्ही घरांनी ते पाय न आवडलेल्या आहेरासारखे एकमेकांकडे परत केले. पोर मधे उभी.

आठ दिवसांत सेवंताबाई देवकाला घेऊन प्रसूतिगृहात आली. पुरनलालजी बाहेर बाकावर बसले, कारण पलंगांच्या खोलीत पुरुषांना मनाई. "बोटं चिरून येगळी करा," सेवंताबाई म्हणाली. "लगनात जोडवी घालाची कोन्या बोटात? दोन वर्सात पाहुने पाहाले येतीन." काम सोपं होतं. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिले, दुसऱ्या सकाळची वेळ ठरवली.

देवका पलंगावर पाय लटकवून बसली होती. चौथी पास, काळीसावळी, नजर सरळ. म्हणाली, "गिरान नोतं."

"काय?" मी विचारलं.

"तुमी आजीले सांगतलं होतं का गिरान लागलं म्हनून बोटं जुळली. गुरुजीकडं जुने पंचांग हायेत. मी मायच्या पोटात होती तवाचं पाह्यलं. आपल्या इकडं दिसनारं एकबी गिरान नोतं."

तेरा वर्षांत मला कोणी असं पकडलं नव्हतं. सिव्हिल सर्जनने नाही, सासूने नाही.

"मायनं इथं इंजेक्शन घेतलं होतं. आत्या म्हनते," ती पुढे म्हणाली. "भाऊ इंजेक्शनचा नोहे, त्याचे पाय बरोबर हायेत. आमच्या कबरी गाईलेबी इंजेक्शन देल्लं होतं. पांढऱ्या कोटवाल्या काकानं कागद देल्ला. वासराचा बाप हरियानी, त्याचा नंबर, त्याच्या मायचं दूध, सारं लिवलं हाय. वासराचा बाप लिवून ठेवता आन माहा नाही. काऊन?"

पांढऱ्या कोटवाले काका म्हणजे आमचे यजमान. ही गोष्ट मी तिला सांगितली नाही.

"चिरा तं चिरा," देवका म्हणाली. "पन पहिले सांगा, हे कोनाचे पाय हायेत. चिरल्यावर मंग मी काय दाखवून इचारू?"

सेवंताबाईने तिला एक लगावली. मग स्वतःच पदर तोंडाला लावला. मी तिला बाहेरच्या खोलीत घेऊन गेले आणि म्हटलं, "ते ग्रहणाचं माझं चुकलं. सासूबाईंनी त्यावरून…"

"अकरा वर्सं आयकलं," ती म्हणाली. "पानी भरताना गिरान, भात करपला तं गिरान. पन नर्सबाई, गिरान बरं होतं. गिरानाले जात नसते."

मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले आणि पोरीचा प्रश्न सांगितला.

डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं. "पाय गार्डाचे?"

"हो."

"तू पाहिले होतेस? आधीपासून?"

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्हीच म्हणालात बोलायचं नाही." पण ते खरं कारण नव्हतं. आधी सांगितलं असतं तर गार्ड बाद झाला असता आणि माझी तीन महिन्यांची धावपळ पाण्यात गेली असती. मग बाळ झाल्यावर सांगितलं असतं तर आधी का नाही सांगितलं हा प्रश्न आला असता. चूक अशीच वाढते, नखासारखी, दुखत नाही म्हणून.

"पाय त्याचे असतील," डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ही जीभ कोणाची?"

"आत्याची. ती रक्ताने येत नाही, शेजारी बसून येते."

त्या हसल्या नाहीत. "त्या माणसाला आपण शब्द दिला आहे. तोडला तर उद्या कोण येईल? आणि गावात कळलं तर या पोरीला सून करेल कोण?"

"शब्द त्याला दिला, पुरनलालजींनी आपल्याला दिला. पोरीने कोणालाच दिलेला नाही. त्याला विचारून तर येते."

त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी चपला घातल्या आणि स्टेशनवर गेले.

गार्ड अजून गोंदियालाच होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं. गाडी लागायला वेळ होता, तो आपल्या लोखंडी पेटीवर बसून केळं खात होता. मला पाहून घाबरला, मग हसला. "सिस्टर! फिर नंबर लगा क्या? अब तो इंजन पुराना हो गया."

मी आजूबाजूला बघून सगळं सांगितलं. तो केळ्याचं साल हातात धरून ऐकत राहिला. कोणाला काय झालं हे त्याने बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"लड़की है?" त्याने विचारलं. मग आपल्या बुटांकडे पाहिलं. "भगवान भी क्या है. देना था तो नाक देता, अच्छी है मेरी नाक. पाँव दिया!"

"उद्या सकाळी बोटं वेगळी करणार आहेत," मी म्हटलं.

"क्यों?"

"जोडवी घालायला."

"अरे, मेरी अम्मा का यही पाँव था. उसने दोनों उँगलियों को मिलाके एक ही बड़ा छल्ला बनवाया था. सुनार हँसा, अम्मा नहीं हँसी. मरते तक पहना." त्याने केळ्याचं साल रुळांवर टाकलं. "मेरी दोनों लड़कियों को यह पाँव नहीं आया. मैं समझा था अम्मा का पाँव मेरे साथ ख़तम."

मी नावाचं विचारलं. त्याने लगेच मान हलवली. "नहीं, सिस्टर. नाम नहीं. घर में किसी को पता नहीं है. दो लड़कियों की शादी करनी है. वो हो जाए, फिर बता देना. फिर छुपाके क्या करूँगा? लेकिन तब तक नहीं." गाडी लागली. पेटी उचलून तो निघाला, चार पावलं जाऊन परत आला. "पढ़ती है?"

"चौथी पास."

"अच्छा," तो म्हणाला, आणि डब्याकडे गेला.

दुसऱ्या सकाळी हत्यारं उकळून तयार होती. डॉक्टरीणबाई हात धुवत होत्या. मी देवकाच्या पलंगापाशी स्टूल घेऊन बसले. सेवंताबाई पायथ्याशी. मी आजवर बायकांना खूप गोष्टी गुळात घालून सांगितल्या आहेत, त्या दिवशी गूळ वापरला नाही. एक माणूस आहे. चांगला आहे. त्याने आपणहून मदत केली, तुझ्या आईला त्याने कधी पाहिलंसुद्धा नाही. त्याचे पाय असेच आहेत, त्याच्या आईचेही असेच होते. ती दोन्ही बोटांत मिळून एकच जोडवं घालायची.

देवकाने आपल्या बोटांकडे बघितलं, तिथे माप घेतल्यासारखं. "त्याले पोरं हायेत?"

"दोन मुली."

"त्याहीचे पाय?"

"नाही. त्यांना नाही आले."

"मलेच आले," ती म्हणाली. आवाजात थोडा तोरा होता. "नाव काय त्याचं?"

"त्याच्या मुलींची लग्नं झाल्यावर सांगेन. तोवर तू मोठी होशील. त्याने तसं मागितलं आहे आणि मी हो म्हटलं आहे."

तिने विचार केला. "चालते. पन तुमाले माहीत हाय ना?"

"हो."

"लिवून ठेवलं हाय?"

"नाही."

"मंग तुमी मेल्यावर कोनाले इचारू?"

सेवंताबाई "देवका!" म्हणून ओरडली. मी तिला थांबवलं. पोर बरोबर बोलत होती. मी सत्तेचाळीस वर्षांची, मला रक्तदाबाचा त्रास, डॉक्टरीणबाई माझ्याहून मोठ्या. आमच्या दोघींच्या डोक्यांशिवाय ते नाव जगात कुठेही नव्हतं, आणि जो स्वतः सांगू शकत होता तो सांगणार नव्हता.

दार ढकललं गेलं. पुरनलालजी आत आले, जोडे हातात धरून. बाकावरून सगळं ऐकू गेलं असणार, आमच्या भिंती पातळ आहेत.

"मले सांगा," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई ओल्या हातांनीच वळल्या. "पुरनलालजी, तुम्ही वचन दिलं होतं. कधी विचारणार नाही म्हणून."

"देल्लं होतं. तवा प्रश्न माहा होता, बाई. आता तिचा हाय. तिचं वचन मी कसं देऊ?" त्यांनी जोडे खाली ठेवले. "मी काही गावभर सांगत नाही. हिच्याहून मोठा हाव, पन नर्सबाईहून लहान हाव. तितके दिस तं राहीन. येळ आली का मी सांगन."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आज चिराचिरी नाही, ते सामान पुसून ठेवते." आणि पाठ फिरवून एकेक चिमटा ट्रेमध्ये इतक्या जोराने टाकू लागल्या की बोळातल्या माणसाला वाटावं इथे भांडी पडताहेत.

मी पुरनलालजींच्या कानाशी गेले आणि नाव सांगितलं. पूर्ण नाव, ज्यात सगळं कळतं, जातसुद्धा. त्यांचा चेहरा मी जवळून पाहत होते. एकदा गिळलं त्यांनी. मग ओठ हलवून म्हणून पाहिलं आणि चुकलं. आपल्या जिभेला ते नाव वळत नाही. मी दुरुस्त केलं. पुन्हा चुकलं. "थांबा," ते म्हणाले, "बरोबर येऊ द्या. पोरीले चुकीचं सांगतलं तं काय उपेग." आणि पाठांतराला बसवलेल्या पोरासारखे डोळे मिटून ते ओठांतल्या ओठांत म्हणत राहिले.

पलंगावर देवकाने दोन्ही कानांत बोटं घातली होती, कोणी न सांगता, अगदी घट्ट. डोळे मात्र टक्क उघडे, बापाच्या ओठांवर. सेवंताबाईच्या ते लक्षात आलं. ती उठली आणि तिने पोरीच्या डोळ्यांवर हात ठेवला. देवकाने तो काढला नाही.